हाताचा निकाल

निमोण्याच्या आप्पांना ‘कदाचित’ हा शब्द खपत नसे. बातम्यांमध्ये कुणी ‘उद्या पावसाची शक्यता’ म्हणालं की ते टीव्हीकडे बोट करून विचारायचे, “पडणार का न्हाई, ते सांग की!” एकदा शिरूरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून साखर नॉर्मलच्या आसपास असल्याचं सांगितलं, तर आप्पा खुर्चीवरून हलेनात. “आसपास म्हंजी अलीकडं का पलीकडं?” डॉक्टर वैतागून म्हणाले, अगदी सीमेवर. तेव्हा कुठे आप्पांचं समाधान झालं. उभा जन्म त्यांनी लोकांच्या सीमा ठरवण्यात घालवला होता.

मी निमोण्याच्या शाळेवर शिक्षक होतो आणि आप्पांच्या घराला लागूनच माझी खोली होती. त्यामुळे गावातली भांडणं मला फुकटात ऐकायला मिळत. बांध, पाण्याची पाळी, वाटेवर आलेली बाभळीची फांदी, काहीही असो, माणसं आप्पांकडे यायची. आप्पा सरपंच नव्हते, कुठल्या कमिटीवर नव्हते. पण त्यांनी निकाल दिला की तो मोडायची कुणाची छाती होत नसे. मोडला तर पुढच्या भांडणाला जायचं कुणाकडे, हा प्रश्न होताच.

त्यांचे वडील मेंढरं घेऊन पार कोकणापर्यंत चालत जायचे. आप्पांच्या वाट्याला विहीर, कांदा आणि झेंडूची बाग आली, पण निकालाची घाई त्यांनी मेंढरांकडूनच घेतली होती. ते म्हणायचे, “गुरुजी, मेंढरांची दोन खांडं रानात मिसळली तर दिवस मावळायच्या आत येगळी करायला लागत्यात. सकाळी बघू म्हणून झोपला तो मेला.”

बैठकीचे त्यांचे नियम ठरलेले होते. पाय धुतल्याशिवाय कुणाचं ऐकायचं नाही. जागेवर जाऊन पाहणी केल्याशिवाय बोलायचं नाही. आणि निकाल लागेपर्यंत चहा नाही. हा शेवटचा नियम फार जालीम होता. आत ठकूमावशी, म्हणजे आप्पांची बायको, गॅस बारीक करून पातेल्यापाशी बसलेल्या असत. वेलदोड्याचा वास बाहेर ओसरीवर येत असे. दोन्हीकडच्या माणसांचं अर्धं लक्ष त्या वासाकडे लागायचं आणि हट्ट आपोआप सैल पडायचे. मात्र बैठक लांबली तर त्या चहाचा काढा व्हायचा, आणि तो प्यावा लागणं हीच काहींना शिक्षा वाटायची.

एका बैठकीची अजून आठवण होते. एका शेतकऱ्याने घरावर कॅमेरा बसवला आणि तो नेमका शेजाऱ्याच्या फाटकावर रोखला गेला. शेजारी संतापला. आप्पा पाय धुऊन, जागेवर जाऊन, शिडी चढून कॅमेऱ्यामागे डोळा लावून आले. निकाल असा दिला, की कॅमेरा आहे तिथेच राहील, पण त्यातलं चित्र शेजाऱ्याच्याही मोबाईलवर दिसलं पाहिजे. “दोघांस्नी बी दिसू द्या. मंग कसली चोरी?” पुढे महिनाभर दोन्ही घरची माणसं कामधंदा सोडून आपापल्या मोबाईलवर एकच बंद फाटक बघत बसलेली असत. भांडण मात्र मिटलं.

असा हा माणूस एका पिक्चरच्या शेवटापाशी येऊन अडला.

आप्पांची नात अश्विनी. मुलाची एकुलती एक मुलगी, आप्पांचा जीव की प्राण. शिरूरला एका डोळ्यांच्या दवाखान्यात ती लोकांच्या चष्म्याचे नंबर तपासायची. तिचं लग्न दौंडच्या निखिलशी ठरलं होतं. मुलगा कुरकुंभला कंपनीत शिफ्टला जाई, त्याचे वडील दिगंबरराव रेल्वेतून रिटायर झालेले, मालगाडीचे ड्रायव्हर. सुपारी फुटली होती, कार्यालय धरलं होतं. एका रविवारी दोघांनी पुण्यात भेटून पिक्चर बघायचं ठरवलं. तो दौंडहून डेमू गाडीने गेला, ही शिरूरहून एसटीने. संध्याकाळी अश्विनी घरी आली, पर्स खुंटीला अडकवली आणि म्हणाली, “मला हे लगीन करायचं न्हाई.”

घर हादरलं. मी हातातलं पुस्तक टाकून ओसरीवर गेलो. आप्पांनी विचारलं, “का गं? काय झालं?”

“हातावरनं झालं.”

“हात उगारला त्यानं?” आप्पा उठून उभेच राहिले.

“न्हाई ओ आप्पा. पिक्चरमधला हात.”

मग हळूहळू उलगडा झाला. पिक्चर खुनाचा होता. म्हणजे असावा. एका शांत, नाकासमोर चालणाऱ्या माणसाची बायको नाहीशी होते. पोलिसांना वाटतं, ह्यानेच मारली. पण प्रेत सापडत नाही. हा रोज दोघांचा स्वयंपाक करतो, दोन ताटं वाढतो, समोरच्या रिकाम्या खुर्चीशी बोलतो. शेवटी पोलीस हात टेकून निघून जातात. तो जेवायला बसतो. पडद्यावर फक्त दुसरं ताट दिसतं. बाजूने एक हात येतो, चिमूटभर मीठ घेतो, भाकरीचा तुकडा मोडतो, आणि पडदा काळा होतो. संपला पिक्चर.

निखिलचं म्हणणं, हात त्या नवऱ्याचाच. बायकोला त्याने मारलं, त्याचं डोकं फिरलं, आता दोन्ही ताटं तोच खातो. अश्विनीचं म्हणणं, हात बायकोचा. ती घरातच कुठेतरी दडून बसलेली होती आणि ते त्याला ठाऊक होतं.

“मंग त्यात लगीन मोडण्यासारखं काय हाय?” आप्पांनी विचारलं.

अश्विनी वळली. आत गेली आणि दार लावून घेतलं. आप्पा बराच वेळ त्या दाराकडे बघत उभे होते. गावातल्या कसल्याही भांडणात न डगमगणारा हा माणूस त्या संध्याकाळी चक्क घाबरला होता. मला म्हणाले, “गुरुजी, बैठक लावतो. हाताचा निकाल लागला की पोरगी दार उघडंल.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी दौंडला फोन केला. दिगंबरराव तयार झाले, पण त्यांनी एक हरकत घेतली. “पंच तुम्हीच, आन् पोरगी बी तुमचीच? हे कसं चालंल, आप्पा?”

“मंग तुम्ही बी पंच व्हा. एका पोरीमागं दोन पंच.”

आता जागेवर जाऊन पाहणी करणं आलं. बैठकीचा दिवस ठरेपर्यंत पिक्चर मोबाईलवर आला होता. माझ्याकडे एक लहानसा प्रोजेक्टर होता, हौसेने घेतलेला आणि कपाटात पडून राहिलेला. तो आप्पांना ठाऊक होता. प्रश्न अंधाराचा होता, कारण आप्पांची बैठक दिवसाढवळ्याच बसायची. शेवटी त्यांच्या मुलाची पोल्ट्री कामी आली. कोंबड्यांची एक बॅच नुकतीच गेली होती. शेड धुऊन, चुना मारून रिकामी पडली होती. बाजूचे पडदे सोडले की आत भर दुपारी अंधार. चुन्याची पांढरी भिंत आयतीच मिळाली.

ठरल्या दिवशी दौंडची मंडळी जीप करून आली. सतरंज्या अंथरल्या. पुढे पुरुष, मागे बायका, आणि मध्ये खुराड्याच्या जाळीवर प्रोजेक्टर ठेवून मी. आप्पांनी आणि दिगंबररावांनी शेडबाहेरच्या नळावर पाय धुतले. निखिल खाली मान घालून बसला होता. अश्विनी सगळ्यात मागे, ठकूमावशींच्या शेजारी. मावशींच्या हाताशी, कोपऱ्यात, शेगडीवर चहाचं आधण ठेवलं होतं. चुना आणि औषध यांच्या वासात वेलदोड्याचा वास मिसळून तिथे जे काही तयार झालं होतं, ते मला पुढे कुठल्याही थिएटरात मिळालं नाही.

पिक्चर सुरू झाला आणि जरा वेळातच आप्पा ओरडले, “थांबवा!”

मी थांबवला.

“बायको गेली तरी ह्याचं भाऊबंद कसं कुणी आलं न्हाई?”

“शहरातली माणसं आहेत, आप्पा,” मी म्हणालो.

“आसू द्या. पर माहेरचं? माहेरचं तरी एखादं माणूस येऊन छाती बडवंल का न्हाई? कुणी आलं न्हाई, ह्याचा अर्थ सरळ हाय. ती माहेरी जाऊन बसलीया. चालू करा.”

आप्पांनी खुनाचा तपास असा सुरुवातीलाच संपवून टाकला. इन्स्पेक्टर पडद्यावर रक्ताचे डाग शोधत हिंडत होता आणि पुढच्या रांगेतून आप्पा त्याला सांगत होते, “आरं, तिच्या भावाला फोन लाव.” मध्येच कुणीतरी म्हणालं की एकटा माणूस रोज दोन ताटांचा स्वयंपाक करतो तर सिलेंडर एवढा टिकतोच कसा. त्यावर जोरात चर्चा झाली आणि मला पुन्हा पिक्चर थांबवावा लागला.

दिगंबररावांचं मत वेगळं होतं. ते म्हणाले, “आप्पा, तुम्ही आमच्या दौंडचा विचार करा. पुण्याहून नगरकडं जायची गाडी दौंडात येती. इंजिन काढत्यात आन् मागच्या अंगाला जोडत्यात. झोपल्याल्या माणसाला वाटतं, गाडी माघारी चालली. ह्या पिक्चरला बी इंटरवलनंतर इंजिन मागनं जोडलंय. म्हंजी जे शेवटचं ताट दाखवलंय ते खरं तर पहिलं हाय. तवा बायको जित्ती हुती, जेवत हुती. खून पुढं झाला.”

हे इतकं मुद्देसूद होतं की शेडमधल्या सगळ्या माना डोलल्या. मी मराठी शिकवतो, कथेचा शेवट कसा समजून घ्यावा यावर वर्गात तास घेतो. मीही मान डोलावली.

मग तो शेवट आला. ताट, हात, मीठ, भाकरी, अंधार.

आप्पा म्हणाले, “पुढचं लावा.”

“पुढे काही नाही, आप्पा. संपला.”

“संपला? निकाल न देता?” त्यांचा आवाज चढला. “एवढी माणसं बसवून घेतली, एवढा येळ खाल्ला, आन् निकाल न देता उठला हा? आसा कुठं पंच आसतोय व्हय?” त्यांना तो डायरेक्टर हा आपल्याच धंद्यातला, पण कच्चा माणूस वाटला असावा. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. “तो हात आणा परत.”

मी तो हात परत आणला आणि भिंतीवर गोठवून ठेवला. आप्पा उठले. वीत टाकून भिंतीवरचा हात मोजायला लागले. पण प्रोजेक्टरपुढे उभं राहिल्यावर तो हात भिंतीऐवजी त्यांच्याच पाठीवर उमटला. दिगंबरराव मदतीला गेले, तर बोटं त्यांच्या टकलावर आली. “सरका, सरका, अंगठा झाकला तुम्ही!” असा आरडाओरडा झाला. दोन म्हातारे पंच त्या राक्षसी हाताखाली वाकून त्याची नखं तपासत होते. आप्पांच्या चार विती झाल्या होत्या आणि मनगट अजून लांबच होतं. एका पाहुण्याने मनगटावर केस असल्याचं ओरडून सांगितलं, ते चुन्याचे ओघळ निघाले.

शेवटी दमून आप्पा खाली बसले. निखिलकडे वळून म्हणाले, “तू सांग. तू हिला त्या दिवशी नेमकं काय म्हणला?”

निखिल म्हणाला, “काय न्हाई. मी म्हणलं, हात त्याचाच हाय, तुला कळलं न्हाई.”

“मंग?”

“ती बोलाय लागली, तर परत म्हणलं, जाऊ दे, तुला न्हाई कळायचं.”

“किती येळा म्हणला?”

“एसटी येईपर्यंत,” मागून अश्विनी म्हणाली.

पुढच्या सगळ्या माना मागे वळल्या. आप्पांच्या बैठकीत मागून आवाज येण्याची पद्धत नव्हती. अश्विनी उभी राहिली होती. ती म्हणाली, “आप्पा, हात कुणाचा का असंना. मला त्याचं काय पडलंय? मला काय दिसलं, ते ह्यानं एकदा तरी विचारायचं. दिवसभर मी लोकांस्नी तेच विचारती, काय दिसतंय, किती दिसतंय. आन् माझ्या घरात मला कुणी विचारायचंच न्हाई? जन्मभर हेच ऐकत बसू?”

प्रोजेक्टरचा पंखा तेवढा घरघरत होता. लग्न मोडलं असंच मला त्या क्षणी वाटलं. आप्पांचंही तोंड उतरलं होतं. बांध असता तर त्यांनी तिथेच दगड रोवला असता, पण इथे दगड कुठे रोवायचा हे त्यांना समजत नव्हतं.

तेवढ्यात शेगडीपासून ठकूमावशींचा आवाज आला. पातेल्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, “हात बाईचाच हाय.”

“कशावरनं?” आप्पांनी विचारलं.

“मीठ आपलं आपणच घेतलं. गड्याचा हात आसता तर घास तोंडात घालून बसल्या जागेवरनं ‘मीठ’ म्हणून वराडला नसता का?”

मागच्या सगळ्या बायका एकदम हसल्या. पदराआडून नाही, चांगल्या मोकळ्या हसल्या. निखिलची आई तर डोळे पुसायला लागली आणि तिचा एक चोरटा कटाक्ष दिगंबररावांकडे गेला. दिगंबरराव भिंतीवरच्या हाताकडे बघत राहिले. त्यांच्या इंजिनाच्या सिद्धांतात मिठाला जागा नव्हती.

“तू हे कवा बघितलंस?” आप्पांनी विचारलं.

“तुम्ही भिंत मोजत हुता तवा.”

निखिल उठला. सगळ्यांच्या देखत मागच्या सतरंजीवर, बायकांच्या मधोमध जाऊन बसला. कान लाल झाले होते बिचाऱ्याचे. अश्विनीला म्हणाला, “सांग. तुला काय दिसलं?”

अश्विनीने सांगितलं. चांगलं सविस्तर सांगितलं. कपाटाचं दार आधी बंद होतं आणि नंतर उघडं, नवरा रिकाम्या खुर्चीशी बोलताना आवाज मऊ करायचा, तो घरात नसताना आतल्या खोलीचा पडदा हलायचा, असं कायकाय. निखिल मध्ये एकदाही बोलला नाही. सगळं ऐकून झाल्यावर डोकं खाजवत म्हणाला, “मी तसं बोललो ते चुकलं. पर मला अजून बी पटलं न्हाई. हात त्याचाच वाटतोय.”

मी डोळे मिटून घेतले. उघडले तर अश्विनी हसत होती. “न्हाई पटलं तर न्हाई पटलं,” ती म्हणाली. “ऐकलंस ना.”

दिगंबररावांनी पंचाच्या आवाजात विचारलं, “आप्पा, मग निकाल काय धरायचा?”

आप्पांनी एकदा नातीकडे, एकदा भिंतीकडे बघितलं. मग म्हणाले, “हाताचा निकाल म्या देत न्हाई. लग्नाची तारीख हाय तीच. चहा आणा.”

निकालाशिवाय चहा निघालेली ही त्यांची पहिलीच बैठक. लग्न झोकात झालं. पण त्या न दिलेल्या निकालाने आप्पांना पुढे फार छळलं. मी वर्गात असायचो आणि फोन वाजायचा. “गुरुजी, त्या बाईचं माहेर कुठलं आसंल?” मी म्हणायचो, पिक्चरमध्ये सांगितलेलं नाही. “तुम्हाला काय वाटतं?” मी म्हणायचो, सांगता येत नाही. त्यावर ते नुसतं हुंकारून फोन ठेवून द्यायचे. पूर्वीचे आप्पा असते तर माझ्यावर बरसले असते.

वर्षभराने माझी बदली केडगावकडे झाली आणि भेटी कमी झाल्या. त्यांची शेवटची भेट, भेट तरी कशी म्हणू, दौंड स्टेशनवर झाली. मी डेमूत खिडकीशी बसलो होतो, गाडी सुटायच्या बेतात होती. फलाटावर खिडकीसमोरच्याच बाकावर आप्पा आणि ठकूमावशी बसले होते. नातीला भेटून परत निघाले असावेत. त्यांच्याच बाकावरच्या जागेवरून दोन प्रवाशांचं जुंपलं होतं. एकाने बाकावर रुमाल टाकून जागा धरली होती आणि तो पाणी प्यायला गेला होता. दुसऱ्याने रुमाल उचलून कडेला ठेवला आणि बसला. पहिला परत आला तसा दुसराही उठून उभा राहिला होता. आवाज चढले होते. आप्पांचं वय आणि पांढरे कपडे बघून दोघांनी त्यांनाच साकडं घातलं, “बाबा, तुम्हीच सांगा, कुणाचं खरं?”

आप्पांनी टोपी पुढे ओढली, घसा खाकरला. मी गाडीतच सावरून बसलो, म्हटलं आता निकाल ऐकायला मिळणार. पण आप्पा थांबले. मावशींकडे वळले आणि म्हणाले, “तुला काय वाटतंय गं?”

ठकूमावशी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. “आत्ता विचारताय व्हय?” त्या म्हणाल्या. “डोक्याचा पार कापूस झाल्यावर?”

आप्पांच्या तोंडावर एक ओशाळं हसू आलं. ते दोघं भांडणारे कधी आप्पांकडे, कधी मावशींकडे बघत उभे होते.

गाडी हलली. मी खिडकीला गाल लावून मागे बघत होतो. मावशींनी मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली, पदर खोचला आणि त्या दोघांना हाताने खाली बसायची खूण केली. आप्पा बाकाच्या कडेला सरकले आणि मावशींना नीट मांडी घालायला जागा करून दिली.